न फोडता आत पाहण्याची विद्या

शिरपूर म्हटले की लोकांना खानदेशातले शिरपूर आठवते. आमचे शिरपूर ते नव्हे. आमचे शिरपूर वऱ्हाडातले, मालेगाव तालुक्यातले; आणि हे मालेगावही नाशिककडचे नव्हे, वाशीमचे. पूर्वी आम्ही अकोला जिल्ह्यात मोडत होतो, १९९८ साली वाशीम जिल्हा झाला तेव्हा तिकडे गेलो. नावांचा हा घोटाळा टाळण्यासाठी टपालवाल्यांपासून सगळेच ‘शिरपूर जैन’ असे लिहितात, आणि ते योग्यच आहे, कारण गावाची सगळी कीर्ती अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे आहे. तळघरासारख्या गाभाऱ्यात काळीभोर मूर्ती. ती जमिनीला टेकलेली नाही, अधांतरी आहे, अशी श्रद्धा. पूर्वी तिच्याखालून घोडेस्वार निघून जाई, आता वस्त्र सरकवण्याइतकीच फट उरली आहे, असे म्हातारी माणसे सांगत. आमचे घर मंदिरापासून दोन बोळ सोडून. आम्ही जैन नव्हतो. पण लहानपणी ज्या गावात वाढलो त्या गावाच्या देवाशी आपले नाते असतेच.

या मूर्तीची कथा मला आजीने सांगितली होती. कोणा विद्याधर राजाचे सेवक प्रवासात पूजेची मूर्ती न्यायला विसरले. राजा तर पूजेवाचून जेवत नसे. मग त्यांनी वाळू आणि शेण कालवून घाईघाईने मूर्ती घडवली, पूजा आटोपल्यावर ती पाण्यात सोडली, आणि पुढे किती युगे ती पाण्यात तशीच राहिली. नंतर एलिचपूरचा राजा त्या पाण्याने रोगमुक्त झाला, त्याने मूर्ती गाड्यावर घालून आणली, ‘मागे वळून पाहू नकोस’ असे बजावलेले असतानाही त्याने वळून पाहिले, आणि मूर्ती होती तिथेच अंतराळात राहिली. कथा ऐकून मी विचारले होते, “आजी, मग आतमध्ये अजून वाळू आहे का गं?” आजीने माझ्या पाठीत हलकेच धपाटा घातला. बाबा ओसरीवर वह्या तपासत बसले होते. ते मात्र हसले. म्हणाले, “प्रश्न चांगला आहे. पण आतले पाहायचे तर फोडावे लागते, आणि फोडले की जे पाहायचे तेच जाते.”

बाबा शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत. त्यांना शेताशिवारात हिंडून गारगोट्या गोळा करण्याचा नाद होता. आमच्या भागातली काळी माती म्हणजे लाव्हाच्या खडकाचा भुगा. नांगराच्या फाळाला लागून पांढरे, तांबूस, कधी आरपार दिसणारे दगड वर येतात. त्यांतला एक सुपारीएवढा दगड ते शाळेत नेत. त्याच्या फुटक्या बाजूवर गोल गोल वळ्या होत्या, एखाद्या बीला असाव्यात तशा. बाबांच्या मते ते लाव्हाच्या आधीचे फळ होते. दुसऱ्या मास्तरांच्या मते तो नुसता दगड होता. दगड फोडून निकाल लावावा असे मुलांनी सुचवले. बाबांनी तो खिशात घातला.

हे सारे आज आठवण्याचे कारण घरगुतीच आहे. ते सांगतो, मग मुख्य विषयाकडे वळतो.

१९६८ च्या जून महिन्यात, पाऊस लागण्यापूर्वी, बाबा धाब्यावर खारी माती पसरायला चढले होते. उतरताना शिडीचा पाय सरकला आणि ते पडले. डोक्याला टेंगूळ आले, हळदीचा लेप घातला, दोन दिवसांत ते शाळेत जाऊ लागले. आषाढात त्यांचे डोके दुखू लागले. श्रावणात ते बोलता बोलता झोपू लागले. बीजगणिताचे उदाहरण फळ्यावर अर्धे सोडून खिडकीबाहेर पाहत उभे राहत. उजवा पाय ओढत चालू लागले. “डोक्स लय जड झालं बाप्पा,” एवढेच म्हणत. कोणी म्हणाले वारे गेले, कोणी म्हणाले बाहेरचे आहे, कोणी म्हणाले वय झाले. वय होते त्रेपन्न. शेवटी एस. टी. ने अकोल्याला नेले. तिथे डोक्याचा क्ष-किरण फोटो काढला. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, “हाड शाबूत आहे. कुठेही चीर नाही.” आम्हांला केवढा आनंद झाला! मी सोळा वर्षांचा होतो. परतीच्या गाडीत तो फोटो मांडीवर धरून बसलो होतो. नवरात्रात बाबा गेले.

बाबांच्या डोक्यात काय झाले होते ते त्या फोटोत का दिसले नाही, हे समजायला मला पन्नासाहून अधिक वर्षे लागली. त्या शोधाचीच ही हकीकत.

८ नोव्हेंबर १८९५ च्या संध्याकाळी जर्मनीतील व्युर्त्झबुर्ग गावी विल्हेल्म रंटगेन हा प्राध्यापक काळ्या कागदात गुंडाळलेल्या काचनळीतून वीज सोडत असताना काही अंतरावरचा रासायनिक लेपाचा पडदा उजळला. नळीतून काहीतरी अदृश्य बाहेर पडत होते. काय ते ठाऊक नव्हते, म्हणून त्याने त्याला गणितातल्या अज्ञात राशीचे नाव दिले. आपण मराठीत ‘क्ष’ म्हणतो ते त्याचेच रूप. २२ डिसेंबरला त्याने आपल्या पत्नीच्या पंजाचा फोटो घेतला: बोटांची हाडे आणि त्यांवर अंगठी. भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली मिळाले ते त्यालाच.

पण क्ष-किरणांचा फोटो म्हणजे अखेर सावली. कंदिलापुढे चार माणसे एकामागे एक उभी राहिली तर भिंतीवर चौघांची मिळून एकच सावली पडते. मागचा पुढच्यात बुडतो. डोक्याचे तर विचारूच नका. कवटीचे हाड क्ष-किरणांना चांगलेच अडवते. मेंदू आणि रक्त जवळजवळ सारखेच आणि फार थोडे अडवतात. त्यामुळे फोटोत कवटीचा पांढरा घडा उमटतो आणि घड्यात काय आहे ते कळत नाही. बाबांच्या फोटोत हाड शाबूत होते हे खरेच होते. डॉक्टर चुकले नाहीत. त्या फोटोला त्याहून जास्त सांगताच येत नव्हते.

या सावल्यांचे काप काढण्याचे प्रयत्न १९२० आणि १९३० च्या दशकांत युरोपात झाले होते. नळी एका दिशेने आणि फिल्म उलट दिशेने हलवायची, म्हणजे शरीरातली एकच पातळी स्पष्ट उमटते आणि बाकीचे पुसट होते. ग्रीक भाषेत ‘तोमोस’ म्हणजे काप; त्यावरून या रीतीला टोमोग्राफी म्हणू लागले. क्षयाच्या रोग्यांची फुप्फुसे पाहायला तिचा पुष्कळ उपयोग झाला. मेंदूसाठी मात्र पाठीच्या कण्यातून हवा भरणे किंवा रक्तवाहिनीत औषध सोडून फोटो घेणे असेच उपाय होते. हवा भरण्याचा उपाय तर इतका यातनामय होता की नुसते वर्णन वाचले तरी अंगावर काटा येतो. ते थोर शहरांतले उपाय. शिरपूरच्या मास्तरापर्यंत ते येणार कुठून?

खरी युक्ती यंत्रात नव्हती, गणितात होती. दिवाळीचा अंक हातात आहे आणि अंकात कोडी असतातच, तेव्हा मीही एक घालतो. चार घरांचा चौकोन काढा, दोन वर आणि दोन खाली. प्रत्येक घरात एक आकडा दडलेला आहे. वरच्या ओळीची बेरीज ५, खालच्या ओळीची ९. डाव्या उभ्या रांगेची ७, उजव्या रांगेचीही ७. आकडे सांगा. मुले लगेच सांगतील: वर १ आणि ४, खाली ६ आणि ३. पण वर २ आणि ३, खाली ५ आणि ४ असे मांडले तरी बेरजा त्याच येतात! म्हणजे आडवे आणि उभे पाहून भागत नाही. आता मी तिसरी खबर देतो: डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी बेरीज ४ आहे. झाले, आता पहिले उत्तर तेवढे खरे ठरते, दुसरे बाद. घर न उघडता घरातले आकडे कळले.

क्ष-किरणाचा प्रत्येक झोत शरीरातून आरपार जाताना अशीच एक बेरीज करीत जातो. वाटेत त्याला किती अडवणूक झाली ती सारी मिळून किती, एवढेच तो पलीकडे सांगतो. वेगवेगळ्या दिशांनी अशा पुष्कळ बेरजा घेतल्या तर आतल्या प्रत्येक घरातली अडवणूक उलगडता येते. हे होऊ शकते, याचा काटेकोर पुरावा योहान राडोन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने १९१७ साली दिला होता. महायुद्ध चालू होते, आणि त्याच्या मनात रोगी नव्हते की यंत्रे नव्हती. शुद्ध गणिताचा आनंद होता. तो १९५६ साली वारला. योगायोग असा की त्याच वर्षी केप टाऊनच्या ग्रोट शूर रुग्णालयात अॅलन कॉरमॅक नावाचा भौतिकशास्त्राचा तरुण अध्यापक आठवड्यातले थोडे तास किरणोपचारावर देखरेख करायला जाऊ लागला आणि त्याला हाच प्रश्न पडला. राडोनचे नावही त्याला ठाऊक नव्हते. त्याने सारे गणित नव्याने मांडले, लाकूड आणि अॅल्युमिनियमच्या चकतीवर पडताळले, आणि १९६३ व १९६४ साली छापले. प्रतिसाद जवळजवळ शून्य. ज्या थोड्यांनी निबंधाच्या प्रती मागवल्या त्यांत स्वित्झर्लंडमधले हिमकडे कोसळण्याचा अभ्यास करणारे एक केंद्र होते म्हणे! त्यांना बर्फाच्या आत पाहायचे असावे. जगात एकाची गरज दुसऱ्याच्या कपाटात पडून असते, ती अशी.

तिसरा माणूस मला सर्वांत आवडतो. गॉडफ्रे हाउन्सफील्ड. १९१९ साली इंग्लंडात शेतकऱ्याच्या घरी जन्मला. लहानपणी गंजीवरून घरगुती पंख बांधून उड्या मारी. विद्यापीठाची मोठी पदवी नाही. युद्धात विमानदळात रडारचे काम शिकला, मग ईएमआय या कंपनीत लागला. ही कंपनी ग्रामोफोनच्या तबकड्या काढणारी. बीटल्स मंडळींच्या गाण्यांवर तिने अमाप पैसा मिळवला आणि त्यातूनच स्कॅनर झाला, असे मोठ्या हौसेने सांगतात. गोष्ट गोड आहे, पण अर्धीच खरी आहे. ब्रिटिश सरकारच्या आरोग्य खात्याने त्या कामात मोठी रक्कम घातली होती. गाणाऱ्यांचे नाव राहिले, कारकुनांचे गेले.

हाउन्सफील्डने १९६७ च्या सुमारास विचार केला की बंद पेटीत चहूकडून किरण सोडले तर आत काय आहे ते यंत्र ओळखील. पहिल्या प्रयोगात एका वस्तूची मापे घ्यायला नऊ दिवस लागले. अठ्ठावीस हजार मापे! ती गणकयंत्राला सोडवायला अडीच तास. पुढे क्ष-किरणाची नळी लावल्यावर नऊ दिवसांचे नऊ तास झाले. मग तो लंडनच्या कसाईखान्यातून बैलांचे मेंदू आणून तपासू लागला. आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या अॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात डॉक्टर जेम्स अॅम्ब्रोज यांच्यासह त्याने पहिल्या रोगिणीचे डोके या यंत्रात ठेवले. डोक्याभोवती पाण्याने भरलेली रबरी टोपी होती, आपल्याकडच्या पखालीची धाकटी बहीणच म्हणा ना. चित्र उभ्या-आडव्या ऐंशी-ऐंशी घरांचे, म्हणजे अवघ्या सहा हजार चारशे ठिपक्यांचे. आजच्या मुलांना ते रांगोळीच्या ठिपक्यांसारखे वाटेल. पण त्यात मेंदूच्या पुढच्या भागात एक गोल काळसर गाठ स्वच्छ दिसत होती, आणि शस्त्रक्रिया केली तेव्हा ती जशीच्या तशी तिथे सापडली.

१९७९ चे वैद्यकाचे नोबेल कॉरमॅक आणि हाउन्सफील्ड यांना विभागून मिळाले. या मोजमापाची पट्टी आजही हाउन्सफील्डच्या नावाने चालते: पाणी शून्य, हवा उणे हजार, आणि बाकीचे जग त्याभोवती.

या कथेत भारताचा वाटा आहे, आणि तो शाळेच्या पुस्तकांत यायला हवा असे मला वाटते. हाउन्सफील्डच्या पहिल्या यंत्राची आकडेमोड किचकट आणि सावकाश होती. १९७१ सालीच जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत एक निबंध छापला. रामचंद्रन हे मद्रासमध्ये कोलॅजनच्या तिपेडी रचनेमुळे आधीच जगप्रसिद्ध झाले होते. या दोघांनी दाखवले की प्रत्येक दिशेच्या बेरजेला आधी एक विशिष्ट गाळणी लावायची आणि मग ती चित्रावर उलट पसरायची. म्हणजे लांबलचक आकडेमोड टळते आणि चित्र अधिक रेखीव येते. रेडिओ खगोलशास्त्रात ब्रेसवेल आणि रिडल यांनी १९६७ साली अशीच रीत काढली होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण पुढे दीर्घ काळ रुग्णालयांच्या यंत्रांत याच वळणाची आकडेमोड चालली, आणि त्या गाळणीला जगभर ‘राम-लक’ असे नाव पडले. रामचंद्रनमधला ‘राम’ आणि लक्ष्मीनारायणनमधला ‘लक’. राम-लक्ष्मणाची जोडी विज्ञानात अशी अवतरली, हे मी नातवंडांना सांगतो तेव्हा ती मला थापाड्या समजतात.

आता बाबांच्या दगडाकडे येतो. त्या दगडाचा प्रश्न बाबांच्या कित्येक वर्षे आधी नागपुरात उभा राहिला होता. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नागपूरजवळच्या टाकळीच्या खडकांत फळे, बिया, शिंपले शोधत हिंडे. लाव्हाचे थर एकावर एक साचत असताना मध्ये शांततेचे काळ येत, तळी भरत, झाडे वाढत. पुढचा लाव्हा आला की ते सारे गाडले जाई, आणि पाण्यातली सिलिका झिरपून फळाचा दगड होई, पण पेशी न पेशी टिकवून. हा हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटहून परतताना पुराच्या नाल्यात बुडून मरण पावला. त्याच्या नावाचे कॉलेज सर्वांना ठाऊक आहे. त्याचे दगड फार थोड्यांना.

हे दगडी फळ आतून पाहायचे तर करवतीने कापायचे, कापलेली बाजू अॅसिडने खरवडायची, त्यावर पारदर्शक पापुद्रा चिकटवून उचलायचा, पुन्हा थोडे झिजवायचे, पुन्हा पापुद्रा. अशा शेकडो पापुद्र्यांत फळ वाचायचे. वाचून संपले की फळही संपले. नागपूरच्या विज्ञान संस्थेत श्यामला चितळे यांनी अशाच चिकाटीने वर्षानुवर्षे काम केले, पुढे अमेरिकेत क्लीव्हलंडच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात पुराजीव वनस्पतींचा विभाग उभा केला, आणि २०१३ साली त्या वारल्या. त्याच वर्षी दख्खनच्या या खडकांत सापडलेल्या द्राक्षकुळातल्या, सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या बियांना त्यांचे नाव देण्यात आले: इंडोव्हिटिस चितळेयी. जगातल्या द्राक्षकुळाचा हा सर्वांत जुना ज्ञात पुरावा विदर्भाच्या भुईतला, आणि त्यावर नाव मराठी बाईंचे! नाशिककरांनी रागावू नये.

अलीकडे करवतीच्या जागी सूक्ष्म टोमोग्राफी आली आहे. रुग्णालयात रोगी स्थिर असतो आणि नळी फिरते. इथे नळी स्थिर आणि दगड गरगर फिरतो. कापांची जाडी केसाहूनही कमी ठेवता येते. याच रीतीने, इतर सूक्ष्मदर्शकांच्या जोडीला, मध्य भारतातल्या या थरांतली ताडकुळातली फळे तपासून २०१९ साली एक निबंध निघाला. त्यातून असे दिसले की आपण उन्हाळ्यात ताडगोळे खातो त्या ताडाची जमात लाव्हाच्या काळीच इथे नांदत होती. ‘विराकार्पॉन’ हे बिरबल साहनींनी १९३४ साली नाव दिलेले कोड्यासारखे फळही २०१८ साली याच किरणांनी आतून पाहिले गेले. या कामात भंडाऱ्याच्या कॉलेजातले दशरथ कापगते होते, हे वाचून मला फार बरे वाटले. दगड जागच्या जागी राहतो, आणि त्याचे फळ पडद्यावर उलगडत जाते. बाबा असते तर खुर्ची पुढे ओढून बसले असते.

कारखान्यांतले उपयोग सांगायचे तर ओतीव लोखंड-अॅल्युमिनियममधले पोकळ बुडबुडे, विमानाच्या इंजिनाच्या पात्यांतल्या चिरा, विमानतळावरच्या पेट्यांतले जिन्नस, परदेशी लाकूड-गिरण्यांत ओंडक्याच्या आतल्या गाठी, हे सारे असेच पाहतात. आपल्याकडे होळकरांच्या इंदुरात, जिथे अजून मराठी घरे पुष्कळ आहेत, इंडस-२ नावाचे मोठे किरणयंत्र आहे, आणि त्यावर असे चित्रण करणारी स्वतंत्र शाखा आहे. ओंडक्याचे मला विशेष वाटले. आमचा सुतार नुसता बोटाने ठोकून गाठ सांगे. तोही एक प्रकारचा स्कॅनच.

पण वऱ्हाडी माणसाच्या मनाला अधिक भिडतील ती पोथ्यांची उदाहरणे. मृत समुद्राकाठच्या एन-गेदी येथे सापडलेली जळून कोळसा झालेली गुंडाळी हात लावताच भुगा होई. ती न उलगडता, स्कॅनमधल्या घड्या गणकयंत्रात सोडवून, २०१५ साली वाचली; बायबलमधल्या ‘लेवीय’ ग्रंथाचा आरंभ निघाला. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडल्या गेलेल्या गुंडाळ्यांतला पहिला संपूर्ण शब्द २०२३ साली एकवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने वाचला. तो शब्द होता ‘जांभळा’. आमच्याच जिल्ह्यातल्या कारंजाला जैन ग्रंथभांडारे आहेत, त्यांतल्या प्राकृत-अपभ्रंश पोथ्यांवर मोठे काम झालेले आहे. जगात कुठेतरी पाणी लागून पाने विटेसारखी चिकटलेली एखादी पोथी असेल, तर तिचे असे वाचन होईल का, असा विचार माझ्या मनात आला. पण एक अडचण आहे. आपली जुनी शाई काजळाची. काजळ म्हणजे कार्बन, आणि कागद-ताडपत्रही मुख्यतः कार्बनचेच. क्ष-किरणांना दोघांतला फरक कळणे फार कठीण. एन-गेदीच्या शाईत धातूचा अंश असावा म्हणून ती उजळली. व्हेसुव्हियसच्या शाईसाठी मात्र गणकयंत्राला कागदाच्या पोतातला सूक्ष्म बदल ओळखायला शिकवावे लागले. आमच्या पूर्वजांनी काजळ टिकाऊ म्हणून निवडले, आणि ते टिकलेही. ते क्ष-किरणांपासून लपून राहील, हे त्यांना कुठले ठाऊक!

मूर्तींचीही अशी तपासणी होते. नेदरलँड्समध्ये प्रदर्शनात आलेल्या एका चिनी बुद्धमूर्तीच्या आत ध्यानस्थ बसलेल्या भिक्षूचे शव आहे, हे स्कॅनने सर्वांना दिसले. शरीरातल्या पोकळीत चिनी अक्षरांच्या कागदाच्या चिंध्या होत्या. ती चित्रे जगभर गेली आणि चीनच्या फूच्यान प्रांतातल्या एका खेड्यातले लोक उठून उभे राहिले: ही तर आमची मूर्ती, १९९५ साली आमच्या देवळातून चोरीस गेली. खटले झाले. आम्सटरडॅमच्या न्यायालयाने २०१८ साली त्यांची मागणी फेटाळली, चीनमधल्या न्यायालयाने २०२० साली ती परत देण्याचा निकाल दिला. आत काय आहे हे यंत्राने एका दुपारी सांगितले. ती कोणाची हे न्यायालयांना एकमताने सांगता आले नाही.

ही बातमी वाचताना आम्हा शिरपूरकरांना आपले गाव आठवले नाही तर नवल. आमच्या मूर्तीची पूजा कोणत्या रीतीने व्हावी, तिच्या अंगावर लेप असावा की नसावा, यावरून दिगंबर आणि श्वेतांबर मंडळींचा वाद १९२९ साली थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. १९८१ पासून गाभाऱ्याला कुलूप होते, ते २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने उघडले. एवढ्या वर्षांत एकदाही कोणी माझे मत विचारले नाही, आणि ते ठीकच झाले. लहानपणी मी विचारलेला वाळूचा प्रश्न आज यंत्र सोडवू शकेल. तो सोडवावा असे मला वाटत नाही. माझ्या मुलाला हे पटत नाही. तो इंजिनिअर आहे. आमचा वाद जेवताना होतो आणि भाकरी संपली की संपतो.

दोन वर्षांपूर्वी मी स्वतः न्हाणीघरात पाय घसरून पडलो. टेंगूळ आले, गेले. सहा आठवड्यांनी मी पेपर वाचता वाचता झोपू लागलो. चहाचा कप डाव्या बाजूला सांडू लागला. सुनेच्या ध्यानात आले की मी एकच चप्पल घालून ओट्यावर येतो. मुलाने गाडी काढली आणि अकोल्याला नेले. फळीवर निजवले, फळी त्या मोठ्या कड्यात सरकली, आणि ‘हलू नका’ असे म्हणेपर्यंत काम संपलेही. ज्याला हाउन्सफील्डला नऊ दिवस लागले होते!

डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी पडद्यावर दाखवले: कवटीच्या आत, हाड आणि मेंदू यांच्या मधोमध, एक चंद्रकोर. ते साचलेले रक्त होते. म्हाताऱ्यांच्या डोक्यात, आणि कधी मध्यमवयीनांच्याही, छोट्या आघाताने बारीक शीर फुटते, रक्त थेंबाथेंबाने झिरपते, आठवडे जातात, मेंदू दाबला जातो. ताजे रक्त चित्रात पांढरे दिसते, जुने होत जाते तसे काळवंडते. माझी कोर काळसर होती. त्यांनी कवटीला दोन लहान भोके पाडून ते रक्त वाहून जाऊ दिले. आठवड्याने मी घरी होतो.

टाके काढायला गेलो तेव्हा मी बाबांचा फोटो बरोबर नेला होता. तपकिरी पाकिटात, ट्रंकेच्या तळाशी, इतकी वर्षे तो राहिला होता. डॉक्टरांनी तो खिडकीसमोर धरला, जसा १९६८ साली त्या दुसऱ्या डॉक्टरांनी धरला होता अगदी तसा. मी सारी हकीकत सांगितली: शिडी, आषाढ, श्रावण, ओढलेला पाय. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “काका, ऐकून तसेच वाटते. पण या फिल्मवरून मला काही सांगता येणार नाही. रक्त हिच्यात दिसतच नाही.” मी विचारले, ते तसे असते तर? ते म्हणाले, “तर तुमच्यासारखीच दोन भोके.”

पहिला स्कॅन बाबांनंतर अवघ्या तीन वर्षांनी झाला. लंडनला झाला म्हणा. वऱ्हाडात यंत्र यायला आणखी किती काळ लोटला! तेव्हा तीन वर्षांचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही, हे मला कळते. तरी मांडतो.

एक सावधगिरीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, नाहीतर माझे वाचून कोणी उद्या डोके दुखले की स्कॅनला धावायचा. डोक्याच्या एका स्कॅनमध्ये साधारण वर्षभरात निसर्गातून मिळतात तितके किरण अंगात जातात. गरज असेल तिथे ती किंमत कवडीमोल, हौसेसाठी नव्हे. लहान मुलांच्या बाबतीत तर डॉक्टरांनी दोनदा विचार करावा आणि आईबापांनी त्यांना तो करू द्यावा.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत सुनेने ट्रंक उघडली. तपकिरी पाकीट आणि माझ्या स्कॅनचे मोठे पाकीट दोन्ही हातात घेऊन ती ओसरीवर आली. “बाबा, हे ठेवायचं का टाकायचं?” मी लहान पाकीट मोठ्यात घातले. पाकिटावर बाबांचे नाव आणि १९६८ लिहिले, खाली माझे नाव आणि साल. सुपारीएवढा दगड ट्रंकेच्याच कोपऱ्यात होता. तो नातीने उचलला, कानाजवळ नेऊन हलवून पाहिला, आणि विचारले, “आजोबा, ह्याच्या आत काय आहे?”